प्रश्न काढणाऱ्याचे बोल

नेरूळच्या आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन, वडापाव-चहा आणि संध्याकाळी प्रश्नमंजूषा, असा रिवाज आहे. विषय दोनच: विज्ञान आणि खेळ. संघ विंगनुसार, वयाची अट नाही. त्यामुळे एकाच सतरंजीवर चौथीतली मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा आणि आयटीतला जावई मांडीला मांडी लावून बसतात. बझर नाही, स्टीलचं ताट आणि पळी. प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते कायमचंच, असली बिनपगारी कामं कोणी परत मागून घेत नाही. त्यातून जे उमगत गेलं ते इथे मांडतो.

१. 'पहिला कोण' हे विचारायचं तर आधी कुंपण घाला.
"भारताला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं?" असं विचारलं की मराठी घरातून एकच नाव येतं, खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान, १९५२ सालचं हेलसिंकी, कांस्यपदक. पण सभेत एक तरी काका असे असतातच की जे हात वर करून १९०० सालच्या पॅरिसला जाऊन पोहोचतात. तिथे कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्डने धावण्यात दोन रौप्यपदकं मिळवली होती आणि ऑलिम्पिक समिती ती भारताच्या खात्यावर धरते. 'स्वतंत्र भारताला' एवढे दोन शब्द घातले की वाद मिटतो, आणि खाशाबांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही.

विज्ञानातही तेच. कमला सोहोनींना 'विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री' म्हणतात. त्यांची केंब्रिजची पीएचडी १९३९ ची. पण जानकी अम्माळ यांना मिशिगन विद्यापीठाने वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट १९३१ मध्येच दिली होती. म्हणून मी कमलाबाईंचं माहेरचं नाव घेऊन तो प्रश्न वळवून विचारतो: "१९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत कमला भागवत या मुलीला, केवळ ती मुलगी म्हणून, प्रवेश नाकारणारे नोबेल विजेते कोण?" आता पाठांतर लागत नाही. त्या काळात विज्ञानातलं नोबेल मिळालेला भारतीय एकच होता. रामन हे नाव आलं की मागच्या रांगेतल्या काकू "असं होय!" म्हणतात आणि सगळी हकिगत विचारायला लागतात.

२. गावाच्या अभिमानाशी गाठ असेल तर कागद पक्का ठेवा.
"हेलियमचा शोध कोणत्या किल्ल्यावर लागला?" हा प्रश्न मराठी स्पर्धांतून वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि उत्तर ठरलेलं, विजयदुर्ग. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, तिथून नॉर्मन लॉकियरने दुर्बीण लावली म्हणतात. दुर्बीण लावली हे खरं, साल चुकतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी पियेर जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता आणि लॉकियर इंग्लंडमध्ये. त्याने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात, तिकडेच, ग्रहण नसताना. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर, १८९५ मध्ये, रॅम्झीने प्रयोगशाळेत हेलियम वेगळा काढूनही झाला होता. तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं लोकांनी एकमेकांना चिकटवून टाकली.

बी विंगमध्ये देवगडकडची मंडळी आहेत. त्यांना हे सांगणं म्हणजे हापूसला रायवळ म्हणण्यासारखं. "अहो, आमच्याकडे १८ ऑगस्टला हेलियम दिन करतात!" करू देत की. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने ग्रहण पाहायला समुद्रापार येऊन निवडलेला किल्ला, हे काय थोडं झालं? प्रश्न मात्र मी असा ठेवतो: "पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडलेलं मूलद्रव्य कोणतं?" उत्तर देऊन झालं की विजयदुर्गाची खरी हकिगत जोडीला सांगतो. देवगडकर अजून पुरते मानत नाहीत.

३. उत्तरालाही एक्स्पायरी असते.
सर्वांत जास्त चंद्र कोणाला? २०२३ च्या फेब्रुवारीत उत्तर गुरू होतं, मे महिन्यात ते शनी झालं आणि मार्च २०२५ मध्ये शनीच्या खात्यात आणखी १२८ जमा होऊन आकडा २७४ वर गेला. प्रश्नपत्रिकेवर तारीख घाला आणि जुन्या वह्यांमधून प्रश्न उचलू नका.

४. विज्ञान आणि खेळ वेगवेगळ्या फेऱ्यांत कोंडू नका.
क्रिकेटवाली मुलं विज्ञानाच्या फेरीत जांभया देतात, विज्ञानवाली खेळाच्या फेरीत. दोन्हींचा सांधा जिथे जुळतो तिथले प्रश्न शोधायचे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच आहे, त्याचा त्याला काय उपयोग झाला? विरळ हवा, कमी अडथळा. त्याच धाग्यावर पुढचा प्रश्न: महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात भात शिजायला जास्त वेळ का लागतो? हवेचा दाब कमी, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. ताट वाजवलं ते एका आजींनी.

सगळ्यात रंगला तो दवाचा प्रश्न. आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रात्रीच्या सामन्यात दुसऱ्या डावात गोलंदाज रुमालाने चेंडू का पुसत राहतात? "घाम," डी विंग. "घाम तर दुपारी जास्त येईल," सी विंग. कोणीतरी खाडीचं नाव घेतलं, कोणीतरी पाणी मारणाऱ्या माळ्याचं. मी गप्प राहिलो. शेवटी चौथीतली मुलगी म्हणाली, "काका, फ्रिजमधली बाटली बाहेर ठेवली की तिला बाहेरून पाणी येतं, तसं गवताला येत असेल." सूर्य मावळल्यावर गवत हवेपेक्षा लवकर गार होतं, दमट हवा त्याला टेकली की पाणी सुटतं, चेंडू ओला होतो आणि फिरकीवाल्याच्या बोटांतून निसटतो. तिला पूर्ण गुण दिले. 'दव' हा शब्द तिने उच्चारलाच नव्हता म्हणून सी विंगने हरकत घेतली, ती मी फेटाळली. दव म्हणजे सगळं काही नव्हे, हेही लगेच सांगून टाकलं: २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकून आधी गोलंदाजी घेतली, आणि भारताने ५२ धावांनी हरवलं.

५. पायाखालचं विचारा.
आयपीएलचा पहिलावहिला अंतिम सामना कुठे झाला? निम्म्या नेरूळने 'वानखेडे' म्हणावं! १ जून २००८, इथेच, डी. वाय. पाटीलवर, रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. सीवूड्सच्या तळ्यावर फ्लेमिंगोंचे फोटो काढायला सगळे जातात, पण ते गुलाबी का, हे विचारलं की शांतता. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन त्यांच्या अंगात कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं उतरतात. मग जोडप्रश्न: जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, त्याचा याच्याशी काय संबंध? खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडेही याच कुळातली रंगद्रव्यं असतात.

६. आजोबांची आणि नातवंडांची पाळी बरोबर यावी.
प्रियांका इंगळे कोण, हे मुलांना माहीत. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार. भाऊसाहेब निंबाळकर मात्र आजोबांचे. १९४८, पुणे, महाराष्ट्राकडून नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाकेच्या अंतरावर आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. हे ऐकून मुलं जी चिडतात! कसोटी त्यांना एकही मिळाली नाही म्हटल्यावर तर विचारूच नका.

७. चुकीच्या उत्तराला गुण कापू नका. लोक बोलायचे बंद होतात. मोबाइल मात्र परातीत जमा करून घ्या, जावयाचासुद्धा.

८. बरोबरी झाली तर आकडा विचारा, जवळचा जिंकेल.
यंदा ए आणि बी विंगची बरोबरी झाली. प्रश्न टाकला: सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचायला किती सेकंद लागतात? ए विंगला 'आठ मिनिटं' पाठ होतं, त्यांनी साठने गुणून ४८० लिहिलं. बी विंगच्या बँकवाल्या आजोबांनी पंधरा कोटी किलोमीटरला तीन लाखांनी भागलं, तोंडी, आणि ५०० लिहिले. उत्तर ४९९. ए विंगचे सेक्रेटरी अजून लिफ्टमध्ये गाठून सांगतात की पुस्तकात आठच मिनिटं होती.