निळ्या चकतीवरचे आकडे : व्होल्टेजपासून वाचवणारा सुटा भाग शोधताना



आमच्या शाळेतला प्रोजेक्टर लोकवर्गणीतून आलेला. कुणी शंभर दिले, कुणी पाचशे, एका आजींनी दूध डेअरीच्या पगारातले दोनशे आणून दिले. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि प्रोजेक्टरच्या स्पाइक गार्डमधून 'फट्' असा आवाज आला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी ती वर्गणीची वही आली.

सुदैवाने प्रोजेक्टर वाचला होता. प्लग काढून स्पाइक गार्ड उघडला. आत काचेचा फ्यूज उडालेला आणि शेजारची बटणाएवढी निळी चकती काळी पडून तडकलेली. हीच चकती म्हणजे मेटल ऑक्साइड व्हेरिस्टर, दुकानाच्या भाषेत 'एमओव्ही'. झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांपासून ती बनवतात. नेहमीच्या व्होल्टेजला ती जणू तिथे नाहीच अशी गप्प बसते. व्होल्टेज अचानक फार वाढलं की क्षणार्धात वाहक होते आणि तो झटका स्वतःच्या अंगावर घेते. फ्यूज मालिकेत जोडतात, ही चकती मात्र फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवी, म्हणजे समांतर जोडलेली असते.

भाग काही रुपयांचा, पण मिळेना. गंमत बघा, नगरच्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा मोठा कारखाना वर्षानुवर्षं चालला. २०२० मध्ये तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. मोठमोठ्या उद्योगांची वीज सांभाळणारी उपकरणं आपल्या जिल्ह्यात बनतात, आणि तालुक्याच्या बाजारात एक निळी चकती मागितली तर दुकानदार म्हणतो, "सर, नवीन स्पाइक गार्डच घेऊन टाका ना."

शेवटी एका दुकानात डब्यातून एक निळी चकती निघाली. वर लिहिलेलं : १४डी २४१के. दुकानदार म्हणाला, "२४० व्होल्टची आहे, आपली लाइन २३०. बसतीय की." मलाही पटलं. घरी डाग देऊन बसवली, नवीन फ्यूज घातला. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर न जोडता, मुलांना व्हरांड्यात थांबवून बटण दाबलं. पुन्हा 'फट्', आणि खोलीभर जळका वास.

आठवीतल्या एका मुलीने दारातूनच विचारलं, "सर, २३० ला २४० का नाही पुरलं?"

त्या दिवसाचा तास या एका प्रश्नावरच गेला. घरातली वीज प्रत्यावर्ती. व्होल्टेज शून्यापासून वर चढतं, खाली येतं, उलट दिशेला जातं, असं सेकंदाला ५० वेळा. आपण २३० म्हणतो तो त्या चढउताराचा परिणामकारक आकडा, म्हणजे तेवढ्याच स्थिर व्होल्टेजने हीटर जितका तापेल तितकाच या विजेने तापतो. लाटेचं टोक त्याच्या सुमारे १.४१४ पट असतं : २३० × १.४१४ = ३२५ व्होल्ट. आणि चकतीवरचा २४० हा टोकाशी ताडून बघायचा आकडा आहे. म्हणजे आमची चकती प्रत्येक लाटेत दोनदा, सेकंदाला १०० वेळा वाहक होत होती. ती फुटणार नाही तर काय!

आकडे वाचायची रीत मुलांनी वहीत लिहून घेतली. '१४डी' म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाची चकती. '२४१' मध्ये पहिले दोन आकडे तसेच ठेवायचे आणि शेवटचा आकडा सांगेल तितकी शून्यं पुढे मांडायची, म्हणजे २४०. इतक्या व्होल्टेजला चकतीतून एक मिलिअँपिअर प्रवाह जाऊ लागतो. 'के' म्हणजे त्यात १० टक्के इकडेतिकडे चालायचं.

मग आम्हाला कोणती हवी? आपल्याकडे शेतीपंप चालू असले की व्होल्टेज पडतं आणि बंद झाले की चढतं. शाळेच्या सॉकेटवर मी स्वतः मल्टिमीटरने २५८ पाहिलंय. त्याचं टोक ३६५. आता ३९१ची चकती घेतली तर १० टक्के वजा जाता ती ३५१ वरच जागी होऊ शकते, म्हणून ती नको. ४३१ ची खालची मर्यादा ३८७, म्हणजे काठावर पास. ४७१ ची ४२३, ही निवांत. कंपन्यांच्या माहितीपत्रकातही ४३१ ही २७५ व्होल्ट एसीसाठी आणि ४७१ ही ३०० व्होल्ट एसीसाठी दिलेली असते. आम्ही ४७१ ठरवली. १४ मिमी मिळाली नाही तर २० मिमीची चालते, कारण मोठी चकती मोठा झटका सोसते. फक्त तिचे पाय बसायला जागा हवी. ७ मिमीची मात्र त्या जागी नको.

दुकानात फसगत होते ती आणखी एका जागी. निळी चकती म्हणजे एमओव्हीच असं नाही. सिरॅमिक कपॅसिटरही तशाच निळ्या रंगात येतात, आणि त्यावरही ४७१के लिहिलेलं असू शकतं! तिथे त्याचा अर्थ ४७० पिकोफॅरड. म्हणून '१०डी', '१४डी' असा व्यासाचा आकडा आहे का, ते आधी पाहायचं. एनटीसी थर्मिस्टरही चकतीच असते, पण ती मालिकेत जोडतात. बोर्डावर 'फेज-न्यूट्रलच्या मध्ये आडवी की रस्त्यात उभी' हे पाहिलं की ओळख पटते.

जुन्या टीव्हीच्या बोर्डावरून काढून लावायचा सल्ला एका पालकांनी दिला. भंगारातून वायर, सॉकेट, फ्यूजची खोबण, उष्णता घालवायचे ॲल्युमिनियमचे पत्रे जरूर घ्या. एमओव्ही घेऊ नका. प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक ती थोडी थोडी खराब होत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. मल्टिमीटरवर ती निर्दोष वाटते, कारण मीटरच्या बॅटरीच्या चार व्होल्टला ती जागीच होत नाही. आणि जुने बोर्ड मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका. त्यातला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो. वर्गात दाखवायचं असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओहमचा रोध आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड पुरे. झेनर उलटा जोडला की मीटर पाचाच्या आसपास थांबतो. वरचं व्होल्टेज 'अडवणं' म्हणजे काय ते मुलांना डोळ्यांनी दिसतं.

शेवटी चकत्या पुण्याच्या तापकीर गल्लीतून आल्या. ऑनलाइन मागवल्या असत्या तर वस्तूपेक्षा कुरिअर महाग पडलं असतं. एक सहकारी लग्नाला पुण्याला निघाले होते, त्यांना चिठ्ठीवर पूर्ण क्रमांक लिहून दिला. 'निळी चकती' असं सांगून कुणालाही पाठवू नका! दहा मागवल्या. बिलाचा प्रश्न आहेच. अनुदानातून खर्च दाखवायचा तर पक्कं बिल लागतं, आणि एवढ्याशा खरेदीचं ते कोण देतो? ते पैसे माझ्या खिशातून गेले, जसे आपल्या सगळ्यांचेच जातात.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगतो, कारण बैठकीत हाच प्रश्न आला होता : "आता प्रोजेक्टर कधीच जळणार नाही ना?" तसं नाही. झटका आला तरी ४७१ ची चकती व्होल्टेज साधारण ७७५ पर्यंत चढू देतेच, ते आणखी वर जाण्यापासून रोखते. शिवाय हे काम काही मायक्रोसेकंदांचं. डीपीवरची न्यूट्रल तुटली तर एखाद्या घराला २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज मिनिटामिनिटांनी मिळत राहतं. तिथे चकती तापून जळते. म्हणून तिच्या आधी योग्य फ्यूज हवाच, आणि त्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवायची आपली सवय इथे आग लावू शकते. न्यूट्रलच्या त्रासावर इलाज म्हणजे जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं कट-ऑफ उपकरण. ते काही स्वस्त नाही. त्यासाठी वर्गणीची वही पुन्हा उघडावी लागेल, हे मी बैठकीत सांगितलं. तोवर ढग गडगडले की प्रोजेक्टरचा प्लग काढायचा. ते काम सातवीच्या दोघांनी आपणहून अंगावर घेतलंय.

दहातली एक चकती बसवली. पाच शिक्षण परिषदेत केंद्रातल्या शाळांना दिल्या, सोबत आकडे वाचायचा कागद जोडून. चार विज्ञानाच्या कपाटात डबीत आहेत. डबीवर त्या आठवीतल्या मुलीनेच लिहिलंय : '१४डी ४७१के. २४१ नाही.'