नेटवर्कवरून बूट होणारी व्हीएम कुणाचे ऐकते?

लॅबमध्ये तीस-चाळीस व्हर्च्युअल मशीन उभ्या करायच्या, तर प्रत्येकीला आयएसओ जोडून सिस्टीम टाकत बसायला कुणालाच वेळ नसतो. एका सर्व्हरवर फाइल ठेवायची आणि सगळ्या व्हीएमनी ती नेटवर्कवरून उचलायची, हा सोपा उपाय. व्हीएम चालवणारी क्यूईएमयू, केव्हीएम आणि लिबव्हर्ट ही साधने मोफत आहेत, त्यामुळे यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या महाविद्यालयालाही हे जमण्यासारखे आहे.

अडचण आहे ती विश्वासाची. जुन्या पीएक्सई पद्धतीत डीएचसीपी पत्ता सांगतो, टीएफटीपीने फाइल येते, आणि ती कुणी पाठवली हे कुणी विचारत नाही. लॅबच्या स्विचला लॅपटॉप जोडून एखाद्याने खोटा डीएचसीपी सर्व्हर चालवला, तर व्हीएम त्याची फाइल मुकाट्याने चालवते. २०१५ मध्ये आलेल्या युईएफआय २.५ या आवृत्तीत एचटीटीपी बूटची तरतूद झाली. व्हीएमसाठी वापरले जाणारे ओव्हीएमएफ हे फर्मवेअर त्याच कामासाठी एचटीटीपीएसही वापरू शकते. पण त्यासाठी कोणती सर्टिफिकेट खरी मानायची, हे आपण त्याला सांगावे लागते.

दोन याद्या, दोन कामे

व्हीएममध्ये विश्वासाच्या दोन वेगळ्या याद्या असतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. २०१८ पासून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आठवा. संकेतस्थळावरचे कुलूप सांगते की आपण योग्य ठिकाणी पोचलो आहोत. उताऱ्यावरची स्वाक्षरी सांगते की कागद अस्सल आहे, मग तो कुठूनही हाती आलेला असो. इथेही तसेच आहे. एचटीटीपीएसमागच्या टीएलएसची यादी सर्व्हर ओळखते. सिक्युअर बूटची 'डीबी' नावाची यादी फाइलवरची सही ओळखते. एक यादी भरली म्हणजे दुसरीचे काम भागत नाही.

१. लॅबचा स्वतःचा सीए करा

ओपनएसएसएलने सीएचे, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या अधिसत्तेचे, एक मूळ सर्टिफिकेट तयार करा. मुदत दहा वर्षे चालेल. त्याची खासगी किल्ली बूट सर्व्हरवर ठेवू नका. सांकेतिक केलेल्या दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक विभागप्रमुखांच्या कपाटात आणि दुसरा वेगळ्या इमारतीत. पासवर्ड दोघांना माहीत असावा. लॅब असिस्टंटची बदली झाली आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली, असे व्हायला नको.

२. सर्व्हरचे सर्टिफिकेट द्या

बूट सर्व्हरला एक कायमचे नाव द्या आणि ते सर्टिफिकेटच्या 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' या रकान्यात घाला. फर्मवेअर बूटच्या पत्त्यातले नाव सर्टिफिकेटशी ताडून पाहते. पत्त्यात आयपी वापरणार असाल तर तो आयपीही त्या रकान्यात हवा. मुदत एक वर्ष ठेवा, पण संपण्याची तारीख विद्यापीठाच्या उन्हाळी किंवा हिवाळी परीक्षेच्या काळात येऊ देऊ नका. प्रात्यक्षिकाच्या सकाळी अख्ख्या लॅबचे काम अडले, तर दोष कुणाचा हे शोधायलाही सवड मिळत नाही.

३. यादी व्हीएमपर्यंत पोचवा

याचे दोन मार्ग आहेत. एक-दोन व्हीएम असतील तर फर्मवेअरच्या मेनूत 'डिव्हाइस मॅनेजर'मधून 'टीएलएस ऑथ कॉन्फिगरेशन' उघडा, 'सर्व्हर सीए कॉन्फिगरेशन'मध्ये फाइल निवडा आणि बदल कायम करा. हे सर्टिफिकेट त्या व्हीएमच्या एनव्हीरॅम फाइलमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या नोंदी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, बसते. मात्र अशी फाइल प्रत्येक व्हीएमची वेगळी असते आणि पहिल्यांदा सुरू करताना साच्यावरून तिची नक्कल होते. नंतर साचा बदललात तरी जुन्या व्हीएममध्ये जुनीच यादी राहते.

तीस व्हीएमसाठी दुसरा मार्ग बरा. पी-११-किट हे साधन सर्टिफिकेटची यादी ईडीके२ ला (ओव्हीएमएफ ज्यावर बेतलेले आहे त्या फर्मवेअर प्रकल्पाला) समजणाऱ्या एका फाइलमध्ये काढून देते. ती क्यूईएमयूच्या 'एफडब्ल्यू-सीएफजी' या सोयीने प्रत्येक व्हीएमला दाखवा. ओव्हीएमएफ प्रत्येक बूटला ती नव्याने वाचते आणि एनव्हीरॅममधली जुनी यादी काढून टाकते. म्हणजे होस्टवरची एक फाइल बदलली की पुढच्या बूटपासून सगळ्यांना नवी यादी लागू. नेमकी आज्ञा ओव्हीएमएफच्या रीडमीत दिलेली आहे.

लिबव्हर्ट वापरणाऱ्यांना इथे दोन गोष्टी अडवतात. लिबव्हर्टचा नेहमीचा 'सिसइन्फो' घटक 'ऑप्ट' ने सुरू होणारीच नावे स्वीकारतो आणि ओव्हीएमएफला हवे असलेले नाव 'ईटीसी' ने सुरू होते. त्यामुळे क्यूईएमयूची आज्ञा थेट देणारा विभाग एक्सएमएलमध्ये जोडावा लागतो. शिवाय अशा थेट दिलेल्या फाइलला लिबव्हर्ट आपोआप वाचनाची परवानगी देत नाही. एसईलिनक्स किंवा अ‍ॅपआर्मरमध्ये ती तुम्हीच द्या. त्यासाठी संरक्षण बंद करू नका.

यादी छोटी ठेवा. होस्टवर आधीच असलेली शंभराहून अधिक सीएंची यादी तशीच पुढे ढकलण्याचा मोह होतो, कारण ती तयार मिळते. २०१४ च्या जुलैत काय झाले ते पाहा. एनआयसीच्या सीएकडून गूगलच्या काही डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेट दिली गेल्याचे उघड झाले. त्या सीएला भारताच्या प्रमाणन नियंत्रकांची, म्हणजे सीसीएची, मान्यता होती. सीसीएचे मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे विंडोजवरचे बरेच प्रोग्रॅम ती खोटी सर्टिफिकेट खरी मानू शकत होते. शेवटी ती मधली सर्टिफिकेट रद्द करावी लागली. यादीतला प्रत्येक सीए कोणत्याही नावाचे सर्टिफिकेट देऊ शकतो. आपल्या व्हीएमना एकाच सर्व्हरकडे जायचे आहे. त्यांना एकच सीए पुरेसा आहे.

४. डीएचसीपी आणि आरएनजी

एचटीटीपी बूट मागणारी व्हीएम पर्याय ६० मध्ये 'एचटीटीपीक्लायंट' अशी ओळख देते. सर्व्हरने तीच ओळख परत करून पर्याय ६७ मध्ये पूर्ण पत्ता द्यायचा. डीएनएसमास्कमध्ये हे सहज होते.

व्हीएमला व्हर्टिओ-आरएनजी उपकरण जोडायला विसरू नका. २०२४ च्या जानेवारीत 'पिक्सीफेल' या नावाने ईडीके२ च्या नेटवर्क भागातल्या नऊ त्रुटी जाहीर झाल्या. त्या दुरुस्त करताना या भागाला यादृच्छिक संख्यांचा भरवशाचा स्रोत आवश्यक झाला. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर नेटवर्क बूट अचानक बंद पडले, तर सर्टिफिकेटच्या मागे लागण्याआधी हे उपकरण आहे का ते पाहा.

५. साध्या वाटा बंद करा

टीएलएसची यादी अचूक भरली तरी ओव्हीएमएफ सहसा साध्या एचटीटीपीलाही नकार देत नाही. खोट्या डीएचसीपीने साधा पत्ता दिला, तर सर्टिफिकेट तपासण्याची वेळच येत नाही. म्हणून शक्य तिथे पत्ता फर्मवेअरमध्येच नोंदवा, बूट क्रमातून पीएक्सईच्या नोंदी काढा आणि व्हीएमसाठी वेगळे व्हीएलएएन ठेवा. उरलेली जोखीम सिक्युअर बूट सांभाळतो.

६. सिक्युअर बूटची यादी भरा

मशीनचा प्रकार क्यू३५ ठेवा आणि एसएमएम चालू असलेले ओव्हीएमएफ निवडा. एसएमएम नसेल तर व्हीएममधला रूट वापरकर्ता या याद्यांमध्ये ढवळाढवळ करू शकतो. लॅब फक्त लिनक्सची असेल तर स्वतःची सही किल्ली तयार करून तिचे सर्टिफिकेट 'व्हर्ट-एफडब्ल्यू-व्हार्स' या साधनाने 'डीबी'त घाला. ही किल्ली टीएलएसच्या किल्लीपेक्षा वेगळी असावी.

नेहमीच्या शिम आणि ग्रबच्या साखळीत कर्नलची सही तपासली जाते, पण इनिटआरडीची तपासली जात नाही. म्हणून कर्नल, इनिटआरडी आणि आज्ञा-ओळ एकत्र बांधून एकच सही असलेली ईएफआय फाइल करा. तिला यूकेआय म्हणतात आणि सिस्टमडीचे 'यूकिफाय' ती बनवून देते. फर्मवेअर ती एकच फाइल एचटीटीपीएसने आणते आणि सही पाहून चालवते. त्यानंतर इन्स्टॉलर जे काही डाउनलोड करतो ते स्वतःच्या यादीवर विसंबून करतो, म्हणून लॅबचा सीए इनिटआरडीतही घाला.

विंडोज किंवा तयार शिम वापरत असाल तर मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेट लागतील. त्यांपैकी २०११ च्या केईके आणि युईएफआय सीएची मुदत जून २०२६ पर्यंत, तर विंडोज प्रॉडक्शनची ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मुदत संपली म्हणून जुन्या सहीच्या फाइल बंद पडत नाहीत. पण फक्त २०२३ च्या सर्टिफिकेटची सही असलेल्या नव्या फाइल जुनी 'डीबी' नाकारते. म्हणून प्रत्येक जुन्या व्हीएमची एनव्हीरॅम फाइल तपासा.

७. नापास व्हायला हवे तिथे नापास होते का?

व्हीएम बूट झाली म्हणजे मांडणी सुरक्षित झाली असे नाही. या चार चाचण्या मुद्दाम घ्या:

- सर्व्हरवर दुसऱ्याच सीएचे सर्टिफिकेट लावा. बूट थांबले पाहिजे.
- सर्टिफिकेटमध्ये नसलेल्या नावाने पत्ता द्या; बूट थांबले पाहिजे.
- सही नसलेली ईएफआय फाइल ठेवा. फर्मवेअरने ती नाकारली पाहिजे.
- टीएलएसची यादी काढून टाका. एचटीटीपीएस बूट होता कामा नये.

यांपैकी एकही बूट यशस्वी झाले, तर कुठली तरी यादी लागूच झालेली नाही असे समजा.

८. बदलाचा क्रम पाळा

मूळ सर्टिफिकेट बदलताना आधी जुने आणि नवे अशी दोन्ही यादीत ठेवा. सगळ्या व्हीएम एकदा नव्या यादीने बूट होऊ द्या, मग सर्व्हरचे सर्टिफिकेट बदला आणि जुने सर्वांत शेवटी काढा. हा क्रम उलटला तर लॅब बंद पडते.

वीज गेल्यानंतर होस्टचे घड्याळ पाहण्याची सवयही लावून घ्या. बोर्डवरची बॅटरी उतरलेली असेल तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, व्हीएम तीच तारीख घेते आणि इन्स्टॉलरला अगदी नवे सर्टिफिकेटही अवैध वाटते. होस्टवर एनटीपी चालू ठेवा.

शेवटी एक साधी नोंदवही करा. तिच्यात सर्टिफिकेटचे नाव, ठसा, कोणत्या यादीत आहे, मुदत कधी संपते, किल्ली कुणाकडे आहे आणि शेवटची नापास-चाचणी कधी घेतली, एवढे सहा रकाने पुरेत. दर सत्राच्या सुरुवातीला ती उघडा. ज्या सर्टिफिकेटसमोर 'हे कशाला ठेवले?' याचे उत्तर लिहिता येत नाही, ते यादीतून काढा.