कोडचा लाल आणि उन्हाचा लाल

सोलापुरात उघड्यावर लावलेल्या गाडीचा रंग विटला, तर त्यात नवल काही नाही. माझी लाल मारुती ८०० ही २००४ सालची. इतकी वर्षं सोसायटीच्या आवारात एकाच जागी, उत्तरेला तोंड करून उभी. उजवीकडे इमारतीची सावली, डावीकडे दुपारपासून मावळेपर्यंत पश्चिमेचं ऊन. उजवे दरवाजे अजून लाल म्हणावेत असे आहेत, डावे विटकरीकडे झुकलेत, आणि टप-बॉनेटवरून हात फिरवला की बोटांना गुलाबी भुकटी लागायची. हे रोज डोळ्यांसमोर असतं, तरी गाडीचा रंग एकच असं आपण धरून चालतो. आरसी बुकातही एकच रंग लिहिलेला असतो ना!

जुन्या गाडीच्या रंगकामाची वेळ बहुतेकांवर येते ती पासिंगच्या तोंडावर. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून ती वाढवून घ्यायची. माझ्या दुसऱ्या खेपेच्या आधीच एका टेम्पोने डावा मागचा दरवाजा खरवडून ठेवला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाटीवरचा कलर कोड वाचला आणि फोनवर रंग मागवला. “कंपनीचा कलर आहे सर, डोळे झाकून बसतो.” पत्रा ठोकून सरळ केला, लांबी भरली, घासली, प्रायमर मारला, रंग मारला. हाताला काम गुळगुळीत. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली रंगही बरा दिसला. गाडी रस्त्यावर काढली, तर तो दरवाजा दुसऱ्या कुणाच्या गाडीचा उसना आणून बसवलाय असं वाटायला लागलं.

तक्रार केली तेव्हा “थोडा विटका करून देतो” म्हणून त्याने लालमध्ये पांढरा घातला. दरवाजा गुलाबी झाला. गुलाबीपणा मारायला काळा घातला, तर मरून. आता यात काळा-पांढरा घालणाऱ्या हाताला दोष देता येईल, पण घोळ त्याच्या आधीच झाला होता. रंग कशाशी जुळवायचा आहे, हेच ठरलं नव्हतं.

कोड चुकीचा नव्हता. तो सांगतो गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशीचा रंग. दाराच्या चौकटीची आतली बाजू, डिकीच्या झाकणाखालचा पत्रा, अशा जिथे ऊन पोचत नाही तिथे तो अजूनही दिसतो. त्यातही एका कोडचा सगळा माल अगदी एकसारखा नसतो. कधी रंगाचा पुरवठादार बदललेला असतो, कधी कारखाना वेगळा असतो. म्हणून रंगकंपन्यांच्या यादीत एकाच कोडखाली पुष्कळदा दोन-चार व्हेरियंट दिलेले असतात, एक जरा पिवळसर, एक निळसर, एक गडद. दुकानदार विचारत नाही, पेंटर सांगत नाही, आणि आपल्याला पहिलं मिळेल ते मिळतं. कोड सांगताना “याचे व्हेरियंट काय काय आहेत?” एवढं विचारलं तरी पुष्कळ काम हलकं होतं.

नंतर ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली, त्यांनी पाटी पाहिलीच नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, मधोमध उभी मास्किंग टेप चिकटवली आणि एका अर्ध्या भागावर कंपाउंड घेऊन कापडाने घासायला बसले. कापड लाल होत गेलं. टेप काढली तेव्हा झाकणावर एक सरळ रेघ होती. एका बाजूला विटकरी, दुसऱ्या बाजूला चांगला टपोरा लाल. “सर, आधी जुना रंग वर आणू, मग नवा कालवू,” म्हणाले.

एवढ्यावरच निम्मं काम झालं होतं. उन्हातली अतिनील किरणं रंगाला बांधून ठेवणाऱ्या राळेला हळूहळू मोडतात. वरचा पातळ थर भुकटीसारखा सुटा होतो आणि त्याच्यामुळे गाडी फिकी दिसते. खाली रंग बऱ्यापैकी शाबूत असतो. ती भुकटी काढल्याशिवाय रंग जुळवणं म्हणजे भुकटीचा रंग जुळवणं. तसा तंतोतंत जुळवूनही दिलाच कुणी, तरी पुढे एखाद्या दिवशी आपण हौसेने गाडी पॉलिश करणार, शेजारचे पत्रे उजळणार आणि नवा दरवाजा तेवढा विटका राहणार.

कापड मात्र आधी पाहायचं. गाडीचा रंग कापडाला लागला, तर वरचा थर रंगाचाच आहे. जुन्या गाड्यांचे साधे लाल, पांढरे रंग पुष्कळदा असे असतात. कापड रंगलं नाही, तर रंगावर क्लिअरचा पारदर्शक थर आहे. तो नुसता निस्तेज झाला असेल, तर पॉलिशने उजळतो. पण पांढरे चट्टे पडून त्याचे पापुद्रे सुटायला लागले असतील, तर कितीही घासा, उपयोग नाही. तो थर उतरवून पत्रा नव्यानेच रंगवावा लागतो. आणि घासायचं तेही बेताने, कारण रंगाचा सगळा थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. पत्र्याच्या कडा आणि दुमडलेल्या रेघा यांवर तो आणखी पातळ असतो. तिथे मशीनचा पॅड टेकवला की खालचा प्रायमर डोकावतो. मिस्त्री कडांवर टेप लावून घेतात आणि शेवटी तेवढा भाग हातानेच घासतात.

रंग मिसळणाऱ्या दुकानात झाकण घेऊन जायची आपल्याकडची रीत सोयीची आहे. अख्खी गाडी काउंटरवर ठेवता येत नाही. पण झाकणाला लागलेलं ऊन आणि दरवाजाला लागलेलं ऊन सारखं नसतं. झाकणावरून पहिला अंदाज घ्यायचा आणि निवाडा करायचा तो रंगवायच्या पत्र्याला खेटून असलेल्या पत्र्यावर. माझ्या बाबतीत तो डावा पुढचा दरवाजा. काही दुकानांत रंग मोजायचं यंत्र असतं, पत्र्यावर टेकवलं की फॉर्म्युला देतं. यंत्र चांगलंच आहे, पण त्याला भुकटी दाखवली तर ते भुकटीचाच फॉर्म्युला देणार. म्हणून घासून, पुसून मगच ते टेकवायचं.

लालमध्ये पांढरा का चालत नाही, हेही मिस्त्रींनीच दाखवलं. लाल रंगाचे दोन स्वभाव. एक पिवळसर झाकेचा, एक निळसर झाकेचा. पांढरा पडला की लाल निळसरपणाकडे सरकतो आणि गुलाबी दिसतो. उन्हाने विटलेला जुना लाल मात्र विटकरीकडे गेलेला असतो. माझ्या गाडीसाठी त्यांनी पिवळसर लाल थोडा वाढवला, अगदी चिमूटभर गेरूसारखा तपकिरी घातला, वजनकाट्यावर ग्रॅमच्या हिशेबाने, आणि प्रत्येक वेळी पत्र्याच्या तुकड्यावर गन मारून, वाळवून, दरवाजाशेजारी धरून पाहिलं. ओला रंग आणि वाळलेला रंग एक दिसत नाही. डब्यात काडी बुडवून “बघा, सेम आहे” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्या तुकड्याखाली प्रायमरही दरवाजावर असेल त्याच छटेचा हवा, कारण लाल आणि पिवळे रंग खालचं फारसं झाकत नाहीत. करड्या प्रायमरवरचा लाल आणि पांढऱ्या प्रायमरवरचा लाल, दोन्ही एकाच डब्यातले असून वेगळे दिसतात. क्लिअरच्या गाडीला तुकड्यावर क्लिअरही मारून पाहायचं.

पाहायचं ते उजेडात, ट्यूबलाइटखाली कधीच नाही. दोन लाल वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनले असतील, तर एका उजेडात ते एक दिसतात आणि दुसऱ्यात फुटतात. सकाळी दहाच्या सुमाराला इमारतीच्या सावलीत, आभाळाच्या उजेडात, समोरून आणि तिरक्या अंगाने पाहावं. भर दुपारी डोळे दिपतात, संध्याकाळचं तांबूस ऊन सगळ्याच लालांना गोड दिसायला लावतं. गॉगल घालून रंग पसंत करणारे गृहस्थही मी पाहिलेत.

इतकं करूनही रंग शंभर टक्के बसत नाही आणि बसायची गरजही नसते. दोन लाल दरवाजांच्या फटीवर सरळ रेषेत भेटले की डोळ्याला लगेच फरक दिसतो. तोच फरक हात-दीड हात पसरून विरवला तर सापडत नाही. म्हणून मिस्त्रींनी नवा रंग मागच्या दरवाजावर पुरा मारला आणि पुढच्या दरवाजाच्या मागच्या भागावर व मागच्या पाखावर पातळ करत सोडला, मग कडा पॉलिश करून मिसळून टाकल्या. क्लिअरच्या गाडीला रंग असाच विरवायचा, पण क्लिअर मात्र शेजारच्या पत्र्यावर कडेपर्यंत, नाहीतर बॉडीच्या रेघेपर्यंत किंवा बीडिंगपर्यंत पुरा न्यायचा. मध्येच थांबवलेल्या क्लिअरची कड वर्षा-दोन वर्षांत दिसायला लागते, कधी सुटतेसुद्धा. याचे पैसे जास्त पडतात. एका दरवाजासाठी तीन पत्र्यांचं बिल पाहून घरात माझ्याकडे जसं पाहिलं गेलं, ते इथे लिहीत नाही. पण एका पत्र्याचे पैसे वारंवार मोजण्यापेक्षा हे स्वस्त.

सिल्व्हर आणि इतर मेटॅलिकची गोष्ट आणखी नाजूक. माझ्या मेहुण्याच्या सिल्व्हर गाडीला रंग बरोबर होता, हात चुकला. मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. रंग ओला, जाड बसला की कण आत बुडतात आणि पत्रा गडद दिसतो. गन लांब धरून कोरडा मारला की कण वर राहतात आणि पत्रा उजळ दिसतो. एकाच डब्यातून दोन सिल्व्हर निघतात. अशा गाडीला रंगापेक्षा पेंटर निवडावा, आणि त्याने आधी मारलेलं एखादं सिल्व्हर काम उन्हात उभं करून दाखवायला सांगावं. बंपरसाठी मात्र कुणाशी भांडू नये. तो प्लॅस्टिकचा, वेगळा रंगवलेला. नव्या गाडीतही तो पत्र्याशी अगदी जुळतोच असं नाही.

रंग एनसी आहे की पीयू, हे काम देण्याआधी विचारा. एनसी म्हणजे जुना ड्युकोच्या जातीचा, भरभर वाळणारा. पावसाळी दमट हवेत तो पांढुरका पडतो आणि उन्हात लवकर विटतो. आज जुळलेला एनसीचा दरवाजा शेजाऱ्यांच्या आधीच म्हातारा होतो. हार्डनर घालून मारायचा पीयू टिकतो. तो मारताना पेंटरने तोंडाला रुमाल बांधलेला पाहिला तर जरूर टोका, कारण हार्डनरमधला आयसोसायनेट श्वासातून आत गेला तर दमा लावतो, त्याला नीट मास्कच हवा. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडीला वायरिंग आणि प्लॅस्टिक असल्यामुळे गॅरेजची भट्टी साठच्या आगेमागे थांबते, आणि पुष्कळ ठिकाणी तीही नसते. म्हणून नवा रंग पूर्ण पक्का व्हायला वेळ घेतो. महिनाभर तरी त्यावर वॅक्स लावू नये आणि चिमण्या-कावळ्यांच्या झाडाखाली गाडी लावू नये.

शेवटी दुकानातून फॉर्म्युल्याची स्लिप मागून घ्या. कोड, व्हेरियंट आणि हाताने घातलेले वरचे ग्रॅम त्यावर लिहून ठेवायला सांगा. स्लिप थर्मल कागदावरची असेल तर तिची छपाई उडून जाते, तेव्हा मोबाइलमध्ये फोटो काढलेला बरा. उरलेला रंगही मागा, पण हार्डनर न घातलेला. हार्डनर घातलेला रंग डब्यात दगड होतो.