हुकलेली किक आणि डोक्याला लागलेला मार

शंका : आमचा मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) आहे. शुक्रवारी शेवटच्या टचडाउननंतरची त्याची किक हुकली आणि संघ 13-14 असा हरला. तेव्हापासून तो धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. एका गुणासाठी सगळा दोष त्याच्या माथी का? कोचने दोन गुण घ्यायला सांगायचे होते ना!

समाधान : टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेण्याचे) सहा गुण मिळाले की संघाला एक जादा संधी मिळते. चेंडू खांबांमधून, आडव्या दांडीवरून मारला तर एक गुण. पळत किंवा पास देऊन पुन्हा पट्ट्यात नेला तर दोन. दोन मिळाले असते तर 15-14 असा विजय होता, हे खरे. पण तो प्रयत्न एनएफएलमध्येही (व्यावसायिक लीगमध्येही) साधारण निम्म्याच वेळा साधतो. बरोबरी साधून जादा वेळेत खेळायचे, हा कोचचा निर्णय वावगा नव्हता.

हायस्कूलची ही किक सुमारे 20 यार्डांची असते, म्हणून लोक तिला सोपी समजतात. प्रत्यक्षात ती तिघांची असते. एक जण पायांमधून चेंडू मागे फेकतो, दुसरा तो झेलून जमिनीवर टेकवतो आणि त्याची शिवण खांबांकडे वळवतो, मग किकरचा पाय येतो. हे सगळे दीड सेकंदाच्या आत! शिवाय समोरच्या संघाला 14 गुण किकरने दिलेले नाहीत. हे त्याला एकदा शांतपणे, कागदावर आकडे मांडून दाखवा. दोन आठवड्यांत जेवण-झोप सुधारली नाही तर समुपदेशकाकडे न्या. जगणे नकोसे झाल्याची भाषा एकदा जरी आली तरी थांबू नका. लगेच 988 या संकटकालीन मदतवाहिनीवर फोन करा.

शंका : टेक्सासमध्ये सरावात मुलाची टक्कर झाली. आठवडा झाला, डोके दुखते, उजेड सहन होत नाही. पण कॉलेजवाले बघायला येणार म्हणून तो 'मी बरा आहे' म्हणतो. सीटीईबद्दल वाचून मी रात्रभर जागा असतो. स्कॅन करून घेऊ का?

समाधान : सीटीई (डोक्याला वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांशी जोडलेला मेंदूचा ऱ्हास) याचे पक्के निदान आज मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. स्कॅनमधून ते कळणार नाही. एका धक्क्यावरून तो आजार होणार असे समजण्याचे कारणही नाही.

काळजी आजच्या लक्षणांची करा. ती आहेत तोवर खेळ बंद. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसणे फार धोक्याचे असते. वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये डॉक्टरी परवानगीशिवाय अशा मुलाला मैदानात उतरवू नये असा कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनीही तशा तरतुदी केल्या. त्यामुळे 'बरा आहे' हे ठरवण्याचा हक्क ना मुलाचा, ना कोचचा. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, अडखळते बोलणे किंवा झोपेतून न उठणे, यांतले काहीही दिसले तर थेट 911.

शंका : मी कॉलेज संघात शिष्यवृत्तीवर आहे. गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. सोडावेसे वाटते, पण आई-बाबांना काय सांगू? सगळे पळपुटा म्हणतील.

समाधान : अँड्र्यू लक हा एनएफएलच्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाचा पहिल्या फळीतला क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू). दुखापत, वेदना, पुन्हा उपचार या फेऱ्याला कंटाळून त्याने ऑगस्ट 2019 मध्ये, 29 व्या वर्षी खेळ सोडला. ही बातमी फुटली त्याच संध्याकाळी मैदानावर काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आज तो स्टॅनफर्डच्या फुटबॉल संघाचा कारभार पाहतो. जॉन उर्शेलने 2017 मध्ये एनएफएलचा बाल्टिमोर रेव्हन्स संघ सोडला आणि पुढे एमआयटीत गणिताची डॉक्टरेट पूर्ण केली. या दोघांना मी पळपुटे म्हणणार नाही, तुलाही नाही.

मात्र रागाच्या भरात पत्र देऊ नकोस. शिष्यवृत्ती पुढे चालू राहील का, गुडघ्याच्या उपचारांचा खर्च कोण देईल, हे विद्यापीठाकडून लेखी घे. प्रायोजकांशी करार असेल तर तो आधी वकिलाला दाखव. अस्थिरोगतज्ज्ञांचे दुसरे मतही घे आणि त्या भेटीला आई-बाबांना सोबत ने. गुडघ्याची खरी अवस्था त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून कळू दे.