कॅमेरा मुलांच्या हाती

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांच्या डोंगराळ भागात कातकरी समाजाच्या अनेक वाड्या आहेत. खैरापासून कात काढण्याच्या पूर्वापार व्यवसायावरून या समाजास हे नाव पडले. राज्यात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी ही एक होय. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. साहजिकच मुलांची शाळा खंडित होते. घरची बोली निराळी, अक्षरओळख कच्ची. अशा मुलास निबंधातून आपले म्हणणे कसे मांडता यावे? पाहणी व अहवालांसाठी त्याचे छायाचित्र घेतले जाते; परंतु काय टिपावयाचे, हे ठरवितो दुसराच.

हा क्रम उलटविण्याचे प्रयोग अन्यत्र झाले आहेत. वेंडी इवाल्ड यांनी अमेरिकेतील केंटकीच्या डोंगरी भागातील मुलांना छायाचित्रण शिकविले. त्या मुलांची चित्रे व कथने १९८५ साली ग्रंथरूपाने आली. कोलकात्याच्या सोनागाची वस्तीतील अशाच वर्गावरील माहितीपटास २००५ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यावर टीकाही झाली. मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन टिपणारे सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांनीही वंचित मुलांना ही कला शिकविली आहे.

शिक्षकांना आरंभ अल्प खर्चात करता येईल. पुठ्ठ्याच्या बंद खोक्यास एका बाजूने टाचणीचे छिद्र पाडून समोरच्या बाजूस तेलकट कागद लावावा. खोके उजेडाकडे धरून अंधारातून पाहिल्यास कागदावर बाहेरचे दृश्य उलटे उमटते. प्रकाशाचा हा पाठ झाल्यावर मोबाइलचा कॅमेरा द्यावा. मात्र प्रत्येकास दहाच चित्रे घेण्याची मुभा असावी. मर्यादा असली म्हणजे निवड करावी लागते, आणि निवड हीच अभिव्यक्तीची पहिली पायरी होय. नंतर 'हेच का टिपलेस?' असे विचारून मुलाचे उत्तर त्याच्याच बोलीत चित्राखाली लिहावे. स्वतःचे वाक्य मूल आवडीने वाचते; अशा रीतीने छायाचित्रण साक्षरतेसही साहाय्यभूत ठरते.

दोन पथ्ये अवश्य पाळावीत. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याची संमती घ्यावी आणि पालकांच्या अनुमतीवाचून कोणतेही चित्र प्रसिद्ध करू नये. छापील प्रत मुलाच्या घरी राहावी.

पंचायतींनी ही चित्रे ग्रामसभेत मांडावीत. पाणवठ्याची वाट किंवा भट्टीवरील मुक्काम मुलाने स्वतः दाखविला, तर सभेपुढील प्रश्न अधिक स्पष्ट होईल. आणि ज्याच्याविषयी आजवर इतरांनी सांगितले, त्याचे म्हणणे प्रथमच नोंदीत येईल.