फाइलची तारीख खरं बोलते का?

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर समजून घ्या. डिरेक्टरीला मराठीत 'निर्देशिका' म्हणतात हे मला परवाच कळलं. पण होस्टेलवर कोणी "अगं, तुझी निर्देशिका उघड" असं म्हणत नाही, म्हणून मी इथे डिरेक्टरीच लिहिणार आहे. कमांडसुद्धा आपण लॅबमध्ये बोलतो तशाच लिहिल्या आहेत.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर 2024 मधली गोष्ट. माझा आणि माझ्या रूममेटचा मिनी प्रोजेक्ट एकत्र होता, मेसचं बिल काढणारा सी प्रोग्राम. एकूण 34 फाइल्स. एक कॉपी लॅबच्या मशीनवर आणि एक आमच्या रूमवरच्या लॅपटॉपवर, दोन्हीकडे लिनक्स. घरी गेलेल्या दिवसांचं रिबेट कापण्याचा भाग फार किचकट होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार अशा तीन रात्री जागून तिने तो लॅपटॉपवर लिहिला. सबमिशन सोमवारी होतं.

मी मंगळवारी दुपारी लॅबमध्ये एका हेडर फाइलमध्ये थोडा बदल केला होता. तेवढी एकच फाइल रूमवर आणायची होती. पण शुक्रवारी सकाळी घाईत मी 'सीपी मायनस आर' मारून अख्खी डिरेक्टरी पेनड्राइव्हवर घेतली. दुपारी लॅपटॉपवर 'सीपी मायनस आर मायनस यू' मारलं. 'यू' म्हणजे अपडेट. नवीन फाइल असेल तरच जुन्यावर टाक, असा त्याचा अर्थ. मला वाटलं, मी किती हुशार!

संध्याकाळी प्रोग्राम चालवला तर रिबेट गायब. फाइलची तारीख बघितली, शुक्रवार. मी तिला म्हटलं, "फाइल शुक्रवारची आहे, म्हणजे गुरुवारचं काम त्यात असायलाच हवं. नाहीये, म्हणजे तू सेव्हच केलं नाहीस." ती म्हणाली, "मी केलंय." मी म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." त्यानंतर दोन दिवस ती मेसमध्ये दुसऱ्या टेबलवर बसली.

रविवारी दुपारी मी सहज 'एलएस मायनस एल' मारलं आणि पोटात गोळा आला. 34 च्या 34 फाइल्सची तारीख शुक्रवार, वेळ तीच, मिनिटसुद्धा तेच! एका मिनिटात 34 फाइल्स कोणी लिहिल्या असतील? कोणीच नाही. त्या कॉपी झाल्या होत्या, आणि कॉपी मीच केल्या होत्या.

झालं काय होतं ते नीट बघू. साधं 'सीपी' जुनी तारीख बरोबर नेत नाही. नवीन जागी फाइल लिहिली जाते त्या क्षणाची तारीख तिला लागते. म्हणजे मंगळवारची जुनी फाइल पेनड्राइव्हवर गेली आणि शुक्रवारची 'नवी' झाली. मग 'मायनस यू'ने शुक्रवार आणि गुरुवार यांची तुलना केली आणि माझ्या रूममेटच्या तीन रात्री पुसून टाकल्या. कॉम्प्युटर खोटं बोलला नव्हता. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला एक नाही, तीन वेळा असतात. 'स्टॅट' कमांड मारली की तिन्ही दिसतात.

1. एमटाइम : फाइलमधला मजकूर शेवटी कधी लिहिला गेला. 'एलएस मायनस एल' हीच दाखवतं.
2. एटाइम : फाइल शेवटी कधी वाचली गेली. हिच्यावर फार विसंबू नका. प्रत्येक वाचनाला डिस्कवर लिहायला नको म्हणून लिनक्स 2009 पासून ही वेळ नेहमी बदलत नाही.
3. सीटाइम : इथे बरेच जण फसतात. 'सी' म्हणजे क्रिएशन नव्हे, चेंज. मजकूर, परवानगी किंवा मालक, यातलं काहीही बदललं की ही बदलते.

'टच' कमांडने एमटाइम हवा तसा मागेपुढे करता येतो. (जर्नलच्या तारखा मागच्या टाकणाऱ्यांनी खूश होऊ नये!) कारण सीटाइम असा हाताने बदलता येत नाही. एमटाइमशी खेळलात की सीटाइमवर 'आत्ता'ची नोंद पडते.

मशीनच्या पोटात ही वेळ तारीख म्हणून नसतेच. 1 जानेवारी 1970 च्या मध्यरात्रीपासून (ग्रिनिचची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडची पहाटे साडेपाच) किती सेकंद झाले, एवढा एक आकडा असतो. जुन्या 32 बिटच्या सिस्टिममध्ये हा आकडा 19 जानेवारी 2038 ला आपल्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरून जाईल. असो, तेव्हा आपण नोकरीत असू, तेव्हा बघू.

पेनड्राइव्हचं आणखी एक दुखणं. फॅट32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर एमटाइम दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच लिहिला जातो, आणि तो ग्रिनिचचा नाही तर स्थानिक घड्याळाचा असतो. त्यामुळे एकच फाइल दोन मशीनवर बरोबर साडेपाच तासांच्या फरकाने दिसू शकते. असा फरक दिसला तर काम नवीन आहे असं समजू नका.

आता माझी स्क्रिप्ट. आधी वाटलं होतं की दोन डिरेक्टऱ्यांमधल्या तारखा तपासून नवी फाइल आपोआप कॉपी करणारी स्क्रिप्ट लिहावी. पण तीच तर चूक होती! म्हणून ही स्क्रिप्ट काहीच कॉपी करत नाही, नुसती यादी देते. पायऱ्या अशा :

1. स्क्रिप्टला दोन डिरेक्टऱ्या द्यायच्या. दुसरीचा पत्ता पूर्ण द्या, म्हणजे स्लॅशपासून. कारण स्क्रिप्ट आधी 'सीडी' करून पहिलीच्या आत शिरते.
2. 'फाइंड' वापरून आतल्या सगळ्या फाइल्सची नावं काढायची आणि 'व्हाइल रीड'च्या लूपने एकेक घ्यायची. 'फॉर' लूपमध्ये 'एलएस'चं आउटपुट देऊ नका. "मेस बिल फायनल खरंच फायनल" अशी नावं आपणच ठेवतो, आणि तो लूप प्रत्येक स्पेसला नाव तोडतो. नावाच्या व्हेरिएबलला नेहमी डबल कोट्स घाला.
3. तीच फाइल दुसरीकडे नसेल तर "फक्त इकडे" असं छापायचं.
4. असेल तर आधी मजकूर बघायचा, 'सीएमपी मायनस एस'ने. मजकूर तोच असेल तर तारीख काहीही असो, पुढे जायचं.
5. मजकूर वेगळा असेल तरच तारीख विचारायची. 'टेस्ट'मध्ये 'मायनस एनटी' म्हणजे न्यूअर दॅन, 'मायनस ओटी' म्हणजे ओल्डर दॅन. दोन्ही खोटं आलं तर "तारीख तीच, मजकूर वेगळा" असं छापायचं. अशी फाइल सगळ्यात धोक्याची.
6. दोन्हीकडच्या तारखा शेजारी शेजारी छापायच्या.
7. मग डिरेक्टऱ्यांची अदलाबदल करून पुन्हा चालवायची, म्हणजे "फक्त तिकडे" असलेल्याही कळतात.

चौथी पायरी पाचवीच्या आधी का, हे लक्षात आलं ना? शुक्रवारी ही स्क्रिप्ट असती तर 34 पैकी 32 फाइल्स चौथ्या पायरीवरच गळाल्या असत्या. उरल्या असत्या दोनच, माझी हेडर आणि तिची रिबेटची फाइल. तारखेच्या बाबतीत स्क्रिप्टही फसलीच असती, पेनड्राइव्हवरची नवी असंच म्हणाली असती. पण दोन फाइल्स मी 'डिफ' लावून डोळ्यांनी बघितल्या असत्या. पाच मिनिटांचं काम.

ज्यांना स्क्रिप्ट लिहायचा कंटाळा आहे त्यांनी निदान एवढं करा. कॉपी करताना 'सीपी'ला 'मायनस पी' लावा, म्हणजे एमटाइम जुनाच राहतो. नाहीतर 'टार' करून न्या. त्यात प्रत्येक फाइलची तारीख आत बांधलेली असते, पेनड्राइव्ह कुठलाही असो. 'आरसिंक' वापरत असाल तर आधी 'मायनस एन' लावा, म्हणजे ते काय काय करणार आहे ते नुसतं सांगेल. आणि 'मेक' वापरणाऱ्यांनो, तुम्हीही सुटत नाही. 1976 मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेलं 'मेक' आजही तारीख बघूनच ठरवतं की कुठली फाइल पुन्हा कंपाइल करायची. तारखा बिघडल्या की तुम्ही कोड दुरुस्त करता आणि जुनाच प्रोग्राम चालत राहतो.

आमचं पुढे काय झालं? रविवारी मी तिच्या टेबलवर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. ती थोडा वेळ वरणभात कालवत राहिली. मग म्हणाली, "जर्नलला लावायला प्रिंटआउट काढलाय गुरुवारी रात्री. सहा पानं आहेत." रात्री ती वाचत गेली, मी टाइप करत गेले. पहाटे चारला रिबेट पुन्हा चालू झालं.

ओरलला एक्स्टर्नलनी सीटाइम विचारला नाही. विचारला असता तर मी झोपेतही सांगितला असता.

शेवटी एवढंच. तारीख फाइल कधी लिहिली गेली ते सांगते. कोणी लिहिली, आत काय आहे, कोणाचं काम खरं, हे ती सांगत नाही. ते बघायला फाइल उघडावी लागते. आणि मैत्रिणीला काही बोलण्याआधी तर नक्कीच!