आधी ऐका, मग लिहा

प्रश्न : आमच्या वक्तृत्व मंडळात भाषणानंतर अभिप्राय द्यायचं काम बहुधा माझ्याकडे येतं. मी पानभर टिपणं काढते, तरी बोलणारे म्हणतात, ‘ताई, तुम्ही ऐकलंच नाही!’ माझं काय चुकतं?
– एक वाचक, प्रताप नगर, नागपूर

उत्तर : ते पानभर लिहिणंच नडतंय. तुमची मान वहीत असते, तेव्हा वक्ता कुठे थांबला, कुणाकडे पाहून बोलला, हे निसटतं. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स क्लबांत ही कामं वाटून दिलेली असतात. एक जण वेळ बघतो, दुसरा ‘अं… अं’ मोजतो, तिसरा भाषेकडे लक्ष देतो. अभिप्राय देणाऱ्याला २-३ मिनिटंच बोलायचं असतं, पण भाषणभर त्याचे कान मोकळे राहतात. तुमच्या मंडळातही अशी वाटणी करा.

भाषणाआधी वक्त्यालाच विचारा, ‘आज कशाकडे लक्ष देऊ?’ मग लक्ष कुठे खिळलं आणि कुठे भरकटलं, एवढंच शब्दा-दोन शब्दांत टिपा. बोलताना सुरुवात ‘मला तुमचं म्हणणं असं कळलं’ इथून करा. त्यानं नकारार्थी मान हलवली, तर सगळ्यात महत्त्वाचा अभिप्राय त्याला मिळालाच. ‘आवाज छान, आत्मविश्वास वाढवा’ हे तर भाषण न ऐकताही सांगता येतं. ‘आईच्या शिलाई मशीनचा प्रसंग डोळ्यांपुढे आला, नंतर सलग आकडे आले आणि मी मागे पडले’ हे ऐकणाऱ्यालाच सांगता येईल.

आपल्याकडे मे महिन्यात हॉलमध्ये कूलर घरघरत असतो. ‘वक्ता ओरडतो’ असं लिहिण्याआधी तेही ध्यानात घ्या. आणि ‘मी सांगून राहिलो’ कानावर पडताच ‘अशुद्ध’ असा शेरा मारणारे परीक्षक मला मुळीच पटत नाहीत. किस्सा सांगताना ही बोली रंगत आणते. शोकसभेचा ठराव वाचताना मात्र ती खटकेल. प्रसंगाला ती शोभली का, एवढंच पाहा.

प्रश्न : नातू शाळेच्या स्पर्धेसाठी भाषण पाठ करतोय. चुकला की लगेच दुरुस्त करावं का?
– एक आजोबा

उत्तर : नको. मधेच अडवलं की मुलं पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतात. सुरुवात घोटून तयार होते, शेवट कच्चाच राहतो. एकदा पूर्ण म्हणू द्या, मग फक्त शेवटचा परिच्छेद दोनदा म्हणून घ्या.